दग्याने मिळवलेल्या सत्तेसाठी नेमका शब्द कसा शोधावा

इतिहासावर, राजकारणावर किंवा एखाद्या संस्थेतील घडामोडींवर लिहिताना एक अडचण वारंवार येते. ज्याने आपल्यावर विश्वास टाकला त्यालाच फसवून कोणीतरी त्याची सत्ता स्वतःकडे घेतली, एवढे सगळे एका शब्दात सांगायचे असते आणि तो शब्द काही केल्या हाती लागत नाही. ‘बळकावणे’ लिहावे तर त्यात फसवणूक दिसत नाही, ‘विश्वासघात’ लिहावा तर त्यात सत्ता दिसत नाही आणि ‘सत्तापालट’ लिहावा तर दोन्ही दिसत नाहीत. मग लेखक घाईने एखादा जड संस्कृत समास बनवतो किंवा ‘गद्दारी’सारखा सध्या सर्वांच्या तोंडी असलेला शब्द उचलतो, आणि वाक्य बोथट होते.

माझ्या मते चूक शोधण्याच्या पद्धतीत आहे. मराठीत हा अर्थ एका शब्दात राहत नाही, तो दोन शब्दांच्या जोडीत राहतो. त्यातील एक शब्द साधन सांगतो आणि तो बहुधा ‘दग्याने’, ‘कपटाने’, ‘फितुरीने’ अशा तृतीयेच्या रूपात किंवा ‘दगा देऊन’, ‘घात करून’ अशा रूपात येतो. दुसरा शब्द क्रियापद असतो आणि सत्ता हाती कशी आली, ती घेणाऱ्याचा तिच्यावर हक्क होता की नव्हता, हे तो सांगतो. ‘दग्याने गादी बळकावली’ या तीन शब्दांत जे येते, ते ‘राज्यापहरण’ या एका शब्दात येत नाही. म्हणून जोडीतले दोन्ही शब्द वेगवेगळे शोधावेत आणि मग ते एकमेकांशी जुळतात का ते पाहावे.

क्रियापदापासून सुरुवात करावी, कारण लेखकाचा निवाडा त्यातच लपलेला असतो. एकच घटना घ्या: एका व्यक्तीला अध्यक्षपद मिळाले. ‘अध्यक्षपद मिळवले’ यात काहीच निवाडा नाही. ‘पटकावले’ म्हटले की स्पर्धा होती आणि हा जिंकला, असा कौतुकाचा सूर लागतो. बक्षीस पटकावतात, पदक पटकावतात, म्हणून दग्याच्या प्रसंगी हे क्रियापद चुकूनही वापरू नये. ‘लाटले’ म्हटले की ते त्याच्या लायकीचे नव्हते आणि त्याने ते फुकटात घेतले. श्रेय लाटतात तसे पदही लाटतात, पण लाटण्यात कोणाचा घात झालाच असेल असे नाही. ‘हिसकावले’ म्हटले की ते समोरासमोर, धाकाने, मूळ धन्याच्या डोळ्यांदेखत घेतले. तेथे फसवणुकीची गरज नसते, म्हणून ‘कपटाने हिसकावले’ हे वाक्य कानाला खटकते. ‘बळकावले’ म्हटले की हक्क नसताना घेतले आणि घेऊन तेथे बसला. या क्रियापदात घेण्याइतकेच टिकवून धरणेही आहे.

‘बळकावणे’ या शब्दाबद्दल एक शंका नेहमी घेतली जाते. त्यात ‘बळ’ आहे, मग कपटाने मिळवलेल्या सत्तेला तो कसा चालेल? व्युत्पत्तीपुरती ही शंका रास्त आहे, परंतु वापराने तिचे उत्तर केव्हाच दिले आहे. भाऊबंदांनी जमीन बळकावली असे आपण म्हणतो तेव्हा लाठ्याकाठ्याच चालल्या असतील असे नाही; खोटे कागद करूनही जमीन बळकावली जाते. या शब्दाचा आजचा गाभा बळ नसून हक्काचा अभाव आहे. म्हणूनच ‘दग्याने’, ‘कपटाने’, ‘फितुरीने’ यांपैकी कोणतेही साधन त्याच्याशी सहज जुळते. अन्याय्य सत्ताप्राप्तीसाठी मराठीतले सर्वांत भरवशाचे क्रियापद कोणते, असे कोणी विचारले तर मी हेच सांगेन.

याच्या जवळपासची आणखी काही क्रियापदे आहेत, पण प्रत्येकाचे क्षेत्र वेगळे आहे. ‘काबीज करणे’ किल्ल्याला, शहराला, ठाण्याला शोभते आणि त्यात पराक्रमाचा सूर असतो. ‘हडपणे’ मालमत्तेला लागते. ‘गिळंकृत करणे’ आणि ‘घशात घालणे’ ही मोठ्याने लहानाचा मुलूख किंवा मालमत्ता संपवण्याची रूपके आहेत. ‘हस्तगत करणे’ औपचारिक आहे आणि निवाडा टाळते, त्यामुळे पुरावा अपुरा असताना उपयोगी पडते. ‘सूत्रे हाती घेणे’ तर शिस्तीत झालेल्या बदलासाठीच राखून ठेवावे. ‘उलथवणे’, ‘पाडणे’, ‘पदच्युत करणे’ ही क्रियापदे जुन्या सत्तेचे काय झाले ते सांगतात, पण नवी सत्ता कोणाकडे गेली ते सांगत नाहीत. सरकार एकाने पाडावे आणि सत्तेवर दुसऱ्याने बसावे असे अनेकदा होते, म्हणून केवळ ‘उलथवले’ लिहून थांबू नये.

आता साधनाचा शब्द. येथे विषय खरा खोल जातो, कारण ‘दगा’, ‘विश्वासघात’, ‘फितुरी’, ‘द्रोह’, ‘कपट’ आणि ‘कट’ हे शब्द आपण एकमेकांच्या जागी वापरतो, पण त्यांत फरक आहे आणि तो फरक पाळला तर निम्मे काम होते.

‘दगा’ हा प्रसंगाचा शब्द आहे. भरवसा होता आणि ऐन वेळी तो मोडला, एवढेच तो सांगतो. आपण पावसानेही दगा दिला म्हणतो, प्रकृतीनेही दगा दिला म्हणतो. त्यात हेतू असलाच पाहिजे असे नाही. ‘विश्वासघात’ हा नात्याचा शब्द आहे. दोन माणसांत आधी विश्वास असायला हवा आणि एकाने तो जाणूनबुजून तोडायला हवा. ‘फितुरी’ला तिसरा पक्ष लागतो: आपला माणूस शत्रूला मिळाला, तरच तो फितूर. न्यायालयात साक्षीदार फितूर झाला असे आपण म्हणतो, तेथेही हीच तिसऱ्या पक्षाची कल्पना कायम आहे. ‘द्रोह’ हा कर्तव्याचा शब्द आहे. जे नाते पाळणे हा धर्म होता ते मोडले, असा त्याचा भार असतो. ‘कपट’ मनाचा शब्द आहे, कारण वरून एक आणि आत दुसरे असल्याखेरीज कपट होत नाही. ‘कट’ हा तयारीचा शब्द आहे. तो अनेकांनी मिळून शिजवायचा असतो आणि तो फसला तरी कटच राहतो.

हे फरक पक्के करण्यासाठी औरंगजेबाच्या सत्ताप्राप्तीइतके चांगले उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही. १६५८ साली त्याने तख्त मिळवले, पण ते मिळवताना त्याच्या आड आलेल्या तिघांसाठी तीन वेगळे शब्द लागतात. थोरला भाऊ दारा शुकोह याच्याशी त्याची लढाई सामूगढच्या मैदानात उघडपणे झाली. तेथे ‘दगा’ लिहिणे चूक आहे, तेथे ‘पराभव’ हाच शब्द खरा. शाहजहान हा पिता आणि बादशहा, त्याला आग्र्याच्या किल्ल्यात कोंडले आणि १६६६ मध्ये मृत्यू येईपर्यंत तो तेथेच राहिला. येथे ‘पितृद्रोह’ किंवा ‘पदच्युत करून कैदेत टाकले’ हे शब्द योग्य ठरतात. धाकटा भाऊ मुराद मात्र त्याचा साथीदार होता. दाराविरुद्ध दोघे एकत्र लढले आणि त्यानंतर मथुरेजवळच्या छावणीत मेजवानीला बोलावून, तो बेसावध असताना, औरंगजेबाने त्याला कैद केले. दगा, विश्वासघात आणि कपट हे तिन्ही शब्द येथे एकाच वेळी खरे आहेत. ज्या लेखकाने या तिन्ही प्रसंगांवर मिळून ‘कपटाने सत्ता बळकावली’ असे एकच वाक्य टाकले, त्याने खोटे लिहिले नाही. पण वाचकाला जे कळायला हवे होते ते त्याने पुसून टाकले.

यावरून शोधाचा पहिला प्रश्न तयार होतो. सत्ता घेणारा आणि गमावणारा यांच्यात आधी काय नाते होते? अधिकार वरच्याचा आणि घात खालच्याचा असेल तर ‘द्रोह’ आणि त्याचे समास पाहावेत. बरोबरीच्या मित्राने किंवा भागीदाराने फसवले असेल तर ‘दगा’ किंवा ‘विश्वासघात’. आतल्याने बाहेरच्याला दार उघडून दिले असेल तर ‘फितुरी’. आधी विश्वासाचे कोणतेच नाते नसेल तर यांपैकी एकही शब्द वापरू नये. उघड शत्रूने चलाखीने डाव साधला असेल तर तो ‘डावपेच’ असतो, आणि साम, दाम, दंड, भेद या चार उपायांतील ‘भेद’ हा तर राजनीतीने मान्य केलेला उपाय आहे. शत्रूच्या गोटात फूट पाडणारा राजा भेद करतो. जो फुटला, फितुरी त्याच्या पदरी पडते.

दुसरा प्रश्न असा की घात उघड झाला की आडून. ‘बंड’ उघड असते. बंडखोर आपले बंड जाहीर करतो, झेंडा उभारतो, म्हणून त्याला दगाबाज म्हणताना थांबून विचार करावा. अलाउद्दीन खिलजीने १२९६ साली देवगिरीवर स्वारी करून रामदेवराय यादवाकडून प्रचंड संपत्ती मिळवली, आणि त्याच वर्षी कडा येथे गंगेच्या काठी आपला चुलता व सासरा जलालुद्दीन याला भेटीच्या वेळी ठार करवले. सुलतान मोठ्या फौजेशिवाय भेटीला आला होता, कारण पुतण्यावर त्याचा विश्वास होता. ‘अलाउद्दीनने बंड करून तख्त मिळवले’ हे वाक्य येथे चुकीचे ठरते, कारण बंड उघडपणे पुकारले गेलेच नाही. ‘भेटीच्या मिषाने बोलावून, विश्वासघाताने तख्त बळकावले’ हे वाक्य घटनेला पुरते. त्यात ‘मिषाने’ या लहानशा शब्दाने किती काम केले ते पाहावे. मिष, निमित्त, बहाणा हे शब्द आपण विसरतो, पण कपटाचे नेमके रूप दाखवण्यात ते ‘कपट’ या शब्दापेक्षा पुष्कळदा सरस ठरतात.

ही युक्ती जुनी आहे. शेवटचा मौर्य राजा बृहद्रथ याला त्याचा सेनापती पुष्यमित्र शुंग याने इ. स. पू. १८५च्या सुमारास मारले. सातव्या शतकात बाणभट्टाने हर्षचरितात त्या घटनेला एकच वाक्य दिले. त्यात ‘बलदर्शनव्यपदेश’ असा शब्द आहे, म्हणजे सैन्य दाखवण्याचे निमित्त; आणि मारल्या गेलेल्या राजाला त्याने ‘स्वामिनम्’ म्हटले आहे. निमित्त खोटे होते आणि मारलेला माणूस धनी होता, या दोन गोष्टी नोंदवल्यावर बाणाला विश्वासघाताचे वेगळे वर्णन करावे लागले नाही. मराठीत हाच आशय ‘सैन्य दाखवण्याच्या मिषाने स्वामिघात करून सेनापतीने राज्य घेतले’ असा येतो. ‘सेनापतीने’ हा शब्द त्यात असल्यावर ‘बळकावले’ऐवजी नुसते ‘घेतले’ही पुरते.

तिसरा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो आणि बहुतेक लेखक तोच वगळतात. आपल्याजवळ पुरावा कशाचा आहे? प्रत्येक शब्द वेगळा दावा करतो. ‘बळकावले’ हा हक्काबद्दलचा दावा आहे. त्यासाठी खरा वारस किंवा खरा अधिकारी कोण होता हे दाखवता आले पाहिजे. ‘दगा दिला’ हा घटनेबद्दलचा दावा आहे. दिलेले वचन आणि मोडलेले वचन दाखवले की तो सिद्ध होतो. ‘कपट केले’ हा मनाबद्दलचा दावा आहे, कारण वचन देतानाच ते मोडायचा विचार होता असे तो म्हणतो. ‘कट रचला’ हा अनेकांच्या संगनमताबद्दलचा दावा आहे. ज्याचा पुरावा घटनेपुरता आहे त्याने ‘दगा’वर थांबावे. मनातले सिद्ध करता येत नसताना ‘कपट’ लिहिणे म्हणजे पुराव्याच्या पुढे धावणे होय.

नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल लिहिताना ही कसोटी फार उपयोगी पडते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी नारायणरावांना मारले आणि त्यानंतर त्यांचे चुलते रघुनाथराव पेशवे झाले. रामशास्त्री प्रभुणे यांनी रघुनाथरावांना दोषी ठरवले. आनंदीबाईंनी हुकमातल्या ‘धरावे’चे ‘मारावे’ केले ही गोष्ट घराघरांत माहीत आहे, पण ती आख्यायिका म्हणूनच सांगितली पाहिजे. पुतण्याला धरण्याचा कट आणि पुतण्याला मारण्याचा कट यांत अंतर आहे, आणि ‘रघुनाथरावांनी पुतण्याचा खून करवून’ असे लिहिणारा लेखक ते अंतर एका क्रियापदाने ओलांडतो. ‘पुतण्याविरुद्ध झालेल्या कटातून पेशवाईची वस्त्रे मिळवली’ हे वाक्य सौम्य वाटेल, पण त्यातला प्रत्येक शब्द पेलता येतो. ‘ध चा मा करणे’ हा वाक्प्रचार येथे मोहात पाडतो. आज त्याचा अर्थ मजकुरात फेरफार करणे एवढाच उरला आहे आणि त्यात सत्तेचा मागमूस नाही.

वरच्या वाक्यात ‘पेशवाईची वस्त्रे’ आली, ‘गादी’ आली नाही, याचेही कारण आहे. सत्तेचे नाव प्रसंगानुसार बदलते. पेशवेपद छत्रपतींकडून वस्त्रे मिळून येत असे, म्हणून तेथे वस्त्रे. सुलतानाचे तख्त, राजाचे सिंहासन, संस्थानिकाची किंवा महंताची गादी, नेत्याची खुर्ची, संस्थेचा कारभार. ‘सत्ता’ हा शब्द सगळीकडे चालतो आणि म्हणूनच कोठेही ठसत नाही.

याच खुनानंतर नाना फडणीस, सखारामबापू बोकील आणि इतर मुत्सद्द्यांनी एकत्र येऊन रघुनाथरावांना दूर केले आणि १७७४ मध्ये जन्मलेल्या सवाई माधवरावांच्या नावाने राज्य चालवले. इतिहासात याला बारभाईंचे ‘कारस्थान’ म्हणतात. आजच्या वाचकाला कारस्थान हा शब्द ऐकताच दुष्ट बेत दिसतो, परंतु बारभाईंच्या बाबतीत तो शब्द निंदेचा नाही. गुंतागुंतीची राजकीय मसलत असा अर्थ तेथे आहे. जुन्या काळावर लिहिताना शब्दाचा त्या काळचा भाव तपासावा, त्यासाठी दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश उघडावा, आणि आजचा वाचक वेगळा अर्थ लावण्याची शक्यता असेल तर त्याच वाक्यात दोन शब्दांचा खुलासा करावा.

अर्थ असे सरकल्यामुळे काही चांगले शब्द आपल्या हातून गेले आहेत. ‘राज्यापहार’ हा नेमका शब्द होता, पण आज ‘अपहार’ म्हटले की संस्थेच्या पैशांची अफरातफर आणि ‘अपहरण’ म्हटले की माणसाला पळवून नेणे, असेच डोळ्यांसमोर येते. ‘सत्तेचा अपहार’ लिहिले तर वाचक क्षणभर अडखळतो. पौराणिक किंवा संस्कृतप्रचुर लेखनात हे शब्द अजून चालतील, अन्यत्र टाळावेत. ‘राजद्रोह’ची गोष्ट याहून बिकट आहे. रचनेने पाहता राजाशी केलेला द्रोह असा त्याचा अर्थ आहे, पण लोकमान्य टिळकांवर १८९७ आणि १९०८ साली ज्या कलमाखाली खटले चालले, त्या कलमाने या शब्दाचा अर्थ कायमचा बदलला. मराठी वाचकाला राजद्रोह म्हटले की सरकारविरुद्ध लिहिलेला अग्रलेख आणि मंडालेचा तुरुंग आठवतो. सत्ता बळकावणाऱ्या सेनापतीला ‘राजद्रोही’ म्हटले तर नकळत त्याच्या पदरात टिळकांचा मान पडतो. तेथे ‘स्वामिद्रोही’ हाच शब्द हवा.

‘बंड’ आणि ‘उठाव’ यांच्यातही हीच काळजी घ्यावी. १८५७च्या घटनेला कोणी शिपायांचे बंड म्हणते, कोणी उठाव, कोणी स्वातंत्र्यसमर. घटना तीच, पण बोलणारा कोणत्या बाजूला उभा आहे ते शब्दानेच कळते. झिया-उल-हक यांना पाकिस्तानचे पंतप्रधान झुल्फिकार अली भुट्टो यांनी १९७६ मध्ये लष्करप्रमुख नेमले आणि ५ जुलै १९७७ रोजी त्यांनीच भुट्टोंना पदच्युत केले. अशा प्रसंगाला ‘लष्करी उठाव’ म्हणण्याची पद्धत पडली आहे, पण अन्यायाविरुद्ध उठणाऱ्यांची सहानुभूती त्यामुळे सेनाधिकाऱ्याला मिळते. ‘लष्करी बंड’ अधिक प्रामाणिक आहे. ‘सत्तापालट’ तटस्थ आहे, तर ‘सत्तांतर’ निवडणुकीनंतरच्या शांत बदलाला ठेवावे. यांपैकी कोणत्याही शब्दात कृतघ्नता येत नाही. ती हवी असेल तर ‘ज्यांनी नेमले त्यांनाच’ हे तीन शब्द वाक्यात घालावे लागतात.

कृतघ्नतेसाठी म्हणी आणि वाक्प्रचार आठवतात आणि मराठी त्यांत श्रीमंत आहे. केसाने गळा कापणे, खाल्ल्या घरचे वासे मोजणे, अस्तनीतला निखारा, घरभेदी. पण हे सगळे घाताचे आहेत, लाभाचे नाहीत. ‘त्याने धन्याचा केसाने गळा कापला’ यातून तो पुढे सत्तेवर बसला हे कळत नाही, म्हणून लाभाचे क्रियापद जवळच हवे. ‘पाठीत खंजीर खुपसणे’ मात्र इतके वापरले गेले आहे की आता त्याला धार राहिलेली नाही.

जोडी जमली की तिची भाषिक जात जुळते का ते पाहावे. दगा, फितूर, तख्त, काबीज हे शब्द फारसी-अरबीतून आले. द्रोह, घात, सिंहासन, अपहरण संस्कृतातले. बळकावणे, लाटणे, हिसकावणे अस्सल बोलीतले. बोलीतली क्रियापदे दोन्हीकडे मिसळतात: ‘दग्याने तख्त बळकावले’ चालते आणि ‘विश्वासघाताने सिंहासन बळकावले’ हेही चालते. ‘तख्ताचे अपहरण’ मात्र कानाला सोसत नाही.

शेवटी त्या माणसाला काय म्हणावे हा प्रश्न उरतो. ‘राज्यापहारी’ ग्रंथात शोभते. ‘दगाबाज’ स्वभाव सांगते, म्हणून एका कृत्यावरून ते लावताना जपावे. ‘गद्दार’ आज शिवी झाला आहे आणि प्रतिपक्षाच्या तोंडीच ठेवावा. ‘तोतया’ ज्याने दुसऱ्याचे नाव धारण करून हक्क सांगितला त्यालाच लागतो. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊ म्हणून प्रकटलेल्या माणसाच्या प्रकरणाला ‘तोतयाचे बंड’ म्हणतात ते याच अर्थाने. ‘फितूर’ म्हणताना सत्ता शेवटी कोणाकडे गेली ते पाहावे. बंगालचा नवाब सिराजउद्दौला याचा सेनापती मीर जाफर २३ जून १७५७च्या प्लासीच्या लढाईत त्याच्या बाजूने लढला नाही आणि पुढे नवाब झाला. त्याला ‘फितूर’ म्हणणे अचूक आहे. ‘बंगाल बळकावणारा’ म्हणणे तितके अचूक नाही, कारण गादी त्याला मिळाली तरी बंगालवरची पकड ईस्ट इंडिया कंपनीकडे गेली. म्हणून त्याच्यासाठी वाक्य लिहायचे तर दोन क्रियापदे लागतात: फितुरीने नवाबी त्याने मिळवली आणि बंगाल कंपनीने बळकावला.